गाणं आपलं, किल्ली दुकानदाराची

कॅसेटच्या पाठीला दोन टोकांना प्लॅस्टिकच्या दोन इवल्याशा पट्ट्या असत. बॉलपेनच्या टोकाने त्या मोडल्या की टेपरेकॉर्डरचं लाल टिंबाचं बटण खाली दबायचंच नाही. म्हणजे त्या कॅसेटवर दुसरं काही भरता यायचं नाही. कंपनीच्या कॅसेटी या पट्ट्यांशिवायच यायच्या. रेडिओवरून धडपडत टेप केलेली एखादी मैफल घरातल्या पोराटोरांच्या हातून पुसली जाऊ नये म्हणून आपणही त्या मोडायचो. पुढे मन बदललं तर त्या भोकावर सेलोटेपचा तुकडा चिकटवायचा, की बटण मुकाट्याने दबायचं. गाण्याला आजवर लागलेल्या कुलपांपैकी हे सगळ्यात सभ्य. ते गाण्याची काळजी घ्यायचं, आणि त्याची किल्ली घरोघरी कंपासपेटीत असायची.

बाकी त्या काळी गाण्यांची नक्कल हा काही लपूनछपून करायचा उद्योग नव्हता. ‘कॅसेट भरून मिळेल’ अशा पाट्या भर रस्त्यावर असत. फुलस्केपवर यादी करून द्यायची, ‘ए’ बाजूला भावगीतं, ‘बी’ बाजूला नाट्यगीतं. चार दिवसांनी कॅसेट मिळायची आणि शेवटचं गाणं हमखास अंतऱ्यात तुटलेलं असायचं, कारण साठच्या कॅसेटची एक बाजू तीसच मिनिटांची हे भरून देणाऱ्याला मान्य असे, गाण्याला नसे. तिकडे ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपन्यांनी ‘घरच्या घरी टेप करण्याने संगीत मरतंय’ अशी जाहिरात चालवली. तिच्यावर कवटीच्या जागी कॅसेट आणि खाली आडवी हाडं होती. अमेरिकेतल्या डेड केनेडीज या पंक बँडने त्यावर आपल्या एका कॅसेटची एक बाजू कोरीच सोडली आणि वर छापलं की ही तुमच्या हातभारासाठी.

संगीत मेलं नाही. त्याचं एक कारण असं की नक्कल करणाऱ्याला खुद्द कॅसेटच अडवत होती. मूळ कॅसेटवरून भरलेली प्रत बरी, तिच्यावरून भरलेली खरखरीत, आणि तिच्यावरून मित्राच्या मेव्हण्याने भरून घेतलेल्या प्रतीत गायक पावसात उभा राहून गातोय असं वाटायचं. कोणी न लावलेलं हे कुलूप सगळ्यांत पक्कं होतं.

गाणं आकड्यांत उतरलं आणि खरखर संपली. पहिली प्रत आणि हजारावी प्रत यांत काडीचाही फरक उरला नाही. १९९९च्या जूनमध्ये नॅपस्टर आलं आणि अमेरिकेतल्या होस्टेलांमधली पोरं रात्रभर एकमेकांच्या संगणकांतली गाणी उतरवून घेऊ लागली. २००१च्या जुलैत कोर्टकज्ज्यांपायी ते बंद पडलं, पण तोवर फुकटाची चटक लागली होती. कंपन्यांच्या पोटात गोळा आला, आणि त्यांचं भय अगदीच खोटं नव्हतं. गाणाऱ्याला, साथीदाराला, चाल बांधणाऱ्याला पैसे कोण देणार हा प्रश्न तेव्हाही खरा होता, आजही आहे. पुढे मी कुलपांची कितीही थट्टा केली तरी ती या प्रश्नाची थट्टा नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

२८ एप्रिल २००३ रोजी ॲपलने अमेरिकेत गाण्यांचं दुकान उघडलं. दोन लाख गाणी आणि कुठलंही घ्या, ९९ सेंट. कंपन्यांनी गाणी दिली ती एका अटीवर: प्रत्येकाला कुलूप हवं. ‘फेअरप्ले’ नावाचं ते कुलूप असं चाले की गाण्याची फाईल सांकेतिक करून ठेवायची, ती उलगडायची किल्ली खरेदीदाराच्या खात्याला बांधायची, आणि ज्या संगणकांना त्या खात्याने परवानगी दिलीय तिथेच गाणं वाजवायचं. सुरुवातीला असे संगणक तीन, वर्षभराने पाच. गाणी सीडीवर उतरवायला मुभा, पण तीच यादी तशीच्या तशी आधी दहा वेळा, नंतर सातच वेळा. पाच संगणक म्हणजे चंगळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी मराठी घरातल्या जुन्या लॅपटॉपचा प्रवास बघावा. थोरल्याचा धाकटीला, धाकटीचा वडिलांना, वडिलांचा गावच्या काकांना. शिवाय विकलेल्या किंवा बंद पडलेल्या संगणकाची परवानगी आधी आपण होऊन काढून घ्यावी लागे. ते विसरलं, तर गेलेल्या माणसाचं नाव रेशनकार्डावर राहून जावं तसा तो पाचांत धरलेलाच राहायचा.

त्या सुमारास मी न्यू जर्सीत एका प्रोजेक्टवर होते. तिथल्या भारतीय किराणा दुकानात तूरडाळीच्या पाकिटांशेजारी सीड्या टांगलेल्या असत. त्यांच्यावर छापलेल्या हिरोचं तोंड जरा हिरवट दिसे, त्यावरून माल कुठला ते कळायचं. दोन डॉलरला तीन सिनेमे. मला ते पटेना. सासरे, म्हणजे आप्पा, सतारीचे वेडे, त्यांच्यासाठी रीतसर पैसे मोजून काहीतरी न्यावं म्हणून इंटरनेटवरच्या एका मोठ्या दुकानातून मी पंडित रविशंकरांचे बरेच राग विकत घेतले, आणि स्वतःसाठी थोडा लुई आर्मस्ट्राँग. दुकान ॲपलचं नव्हतं. कुणाचं होतं ते राहू दे, आता ते नाही.

नाही, हीच तर गोष्ट आहे. आम्ही पुण्याला परतल्यावर त्या दुकानाची एक सभ्य ईमेल आली. प्रिय ग्राहक, आम्ही दुकान बंद करत आहोत. आपली गाणी आपलीच आहेत. ज्या संगणकावर ती आज वाजतात तिथे ती वाजत राहतील. मात्र नव्या संगणकाला परवानगी देणं अमुक तारखेनंतर शक्य होणार नाही. ‘मात्र’ हा शब्द ज्या पत्रात येतो ते पत्र त्याच्या पुढूनच वाचायला सुरुवात करावी.

अमुक तारीख उलटली आणि काही महिन्यांनी घरात नवा लॅपटॉप आला. गाणी त्यावर नेली, आप्पांना खुर्चीत बसवलं, बटण दाबलं. सतारीऐवजी एक चौकोन उगवला: या गाण्याचा परवाना मिळू शकला नाही. खाली एकच बटण होतं, ‘ओके’. ‘नॉट ओके’ म्हणायची सोय कंपनीने ठेवली नव्हती.

आप्पांनी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात काढलेली. त्यांनी चष्मा चढवला आणि चौकशी सुरू केली.

“पैसे दिले होतेस ना?”

“दिले होते आप्पा.”

“पावती?”

“ईमेलमध्ये आहे.”

“मग हे विचारतंय कुणाला?”

“दुकानाच्या सर्व्हरला.”

“आणि तो?”

“तो बंद केला त्यांनी.”

आप्पा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे मंजुरी देणारा साहेबच रिटायर झाला आणि चार्ज कुणाला दिलाच नाही.” सगळ्या तांत्रिक लेखांत मिळून मी या प्रकाराचं एवढं अचूक वर्णन वाचलेलं नाही.

वाट होती, आणि ती त्या ईमेलमध्येच दाखवलेली होती: गाणी सीडीवर उतरवा. सीडीवर कुलूप नसतं, तिच्यावरून ती पुन्हा नव्या संगणकात घ्या. म्हणजे कुलूप विकणाऱ्याने जाता जाता खिडकी कुठली उघडी आहे तेही सांगितलं होतं. जुना लॅपटॉप अजून जिवंत होता, बिजागरी मोडलेला, बॅटरी मेलेली, भिंतीला टेकवून ठेवला आणि वायर हलवली नाही तर चालणारा. कोऱ्या सीड्यांची चवड आणली. एक तबकडी घालायची, ती घुर्र करत भरायची, गरमगरम बाहेर काढायची, नव्या यंत्रात सरकवायची. हे सगळं करताना जुन्या यंत्राला धक्का लागू नये म्हणून घरातले सगळे त्या कोपऱ्यातून चोरपावलांनी ये-जा करत होते. स्वतःच्या पैशाने घेतलेली सतार आम्ही अशी घरातल्या घरात पळवून नेली.

गाणी आली, पण नावं वाटेतच गळाली. अशा घरी भरलेल्या सीडीवरून परत घेतलेल्या गाण्याला संगणक आपल्या मनाने नाव देतो: ट्रॅक ०१, ट्रॅक ०२. एका तबकडीला तर इंटरनेटवरच्या कुठल्याशा यादीने भलत्याच वाद्यवृंदाचं नाव चिकटवलं. मग आप्पांनी जुनी डायरी काढली आणि एकेक ट्रॅक ऐकून रकाने भरू लागले. ट्रॅक ०४, चारुकेशी. ट्रॅक ०५, मारवा. दुसऱ्या दिवशी ‘मारवा’वर काट मारून ‘पूरिया’, तिसऱ्या दिवशी तीही काट खोडून पुन्हा ‘मारवा’ आणि समोर सही. आमच्याकडे नंतर कित्येक वर्षं “सूनबाई, जरा पाच नंबर लाव” अशी फर्माईश होत असे, आणि पाहुण्यांना वाटायचं पंख्याबद्दल बोलणं चाललंय.

हा अनुभव काही आमच्या एकट्याच्या वाट्याला आला नव्हता. मायक्रोसॉफ्टने २००४ साली ‘प्लेज फॉर शुअर’ नावाने कुलपांची एक व्यवस्था आणली. हमी थेट नावातच. दोन वर्षांनी त्याच मायक्रोसॉफ्टने झून नावाचा स्वतःचा प्लेअर काढला, आणि त्यात ही हमखास वाजणारी गाणी वाजेनात. २००८च्या एप्रिलमध्ये कंपनीने कळवलं की ऑगस्टअखेर नव्या संगणकांना परवाने देणं बंद. ओरड झाली तेव्हा मुदत २०११च्या अखेरपर्यंत वाढवली. त्याच २००८ साली याहूच्या गाण्यांच्या दुकानाने सप्टेंबरअखेर आपला परवान्याचा सर्व्हर बंद होणार असल्याचं सांगितलं. वॉलमार्टनेही सर्व्हर बंद करायची घोषणा केली, गिऱ्हाइकांना गाणी सीडीवर उतरवून घ्या म्हणून सुचवलं, आणि बोंब झाल्यावर निर्णय मागे घेतला. या तिन्ही ठिकाणी ज्यांची झोप उडाली ते सगळे पैसे मोजलेले लोक होते. ज्याने हिरवट हिरोवाली सीडी घेतली किंवा रात्री फुकट गाणं उतरवलं, त्याला कुणाचीही ईमेल आली नाही, कारण त्याच्या गाण्याला कुलूपच नव्हतं. चोराला माल जास्त चांगला मिळतो आणि गिऱ्हाइकाला बिघडवून दिला जातो, असा व्यापार तुळशीबागेतही कुणी करून दाखवलेला नाही.

बरं, कुलपं तरी पक्की होती का? सोनीचं एक कुलूप सीडीच्या बाहेरच्या कडेला असे. तिथे मुद्दाम गोंधळाचा मजकूर भरलेला, म्हणजे संगणक अडखळावा. २००२ साली लोकांच्या ध्यानात आलं की त्या कडेवर साध्या मार्कर पेनने रेघ ओढली की संगणकाला तो मजकूर दिसतच नाही आणि गाणी निमूट उतरतात. कोट्यवधींचं संशोधन कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात निकालात निघालं. पुढच्याच वर्षी प्रिन्स्टनमधल्या ॲलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने दुसऱ्या एका कुलपाबद्दल लिहिलं, की सीडी आत सरकवताना कीबोर्डवरचं शिफ्ट दाबून धरा, बास. कुलूपवाल्या कंपनीने त्याच्यावर दावा ठोकण्याची धमकी दिली, आणि मग जग हसतंय म्हटल्यावर ती गिळली.

२००५ साली मात्र हसण्यावारी न्यायची गोष्ट उरली नाही. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाने जाहीर केलं की आपल्या संगणकात काहीतरी लपून बसलंय, आणि ते विकत आणलेल्या गाण्यांच्या सीडीतून शिरलंय. सोनी बीएमजीच्या सुमारे पन्नास तबकड्यांवर हे कुलूप होतं. सीडी वाजवायची म्हटली की ते यंत्राच्या गाभ्यात जाऊन बसे आणि स्वतःला असं झाकून घेई की मालकाला दिसूच नये. विशिष्ट अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाईल ते लपवत असल्यामुळे थोड्याच दिवसांत व्हायरस लिहिणारेही त्याच आडोशाला येऊन राहिले. वर अभ्यासकांनी दाखवून दिलं की या कुलपातच दुसऱ्यांच्या मुक्त सॉफ्टवेअरचे तुकडे त्यांच्या परवान्याच्या अटी न पाळता घातलेत. म्हणजे नक्कल रोखायला ठेवलेल्या शिपायाच्या अंगावर उचललेला कोट होता. नोव्हेंबरात कंपनीला तबकड्या परत मागवाव्या लागल्या.

गाणं जपायला कुलूप लावण्याची कल्पना काही अमेरिकेतल्या वकिलांची नव्हे. आपल्याकडे घराण्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली. गंडा बांधल्याशिवाय तालीम नाही, खास बंदिश बाहेरच्यासमोर गायची नाही, गायलीच तर अस्ताईवर थांबायचं. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले, तेव्हा ध्वनिमुद्रणाचं तंत्र भारतात येऊन चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्यांच्या शिष्या सूरश्री केसरबाई केरकर गोव्याच्या केरी गावच्या. त्यांनी तबकड्या दिल्या, पण मोजक्या. मैफलीत कुणी चोरून रेकॉर्ड करतोय हे त्यांना मुळीच खपत नसे. दुसऱ्या बाजूला पंडित विष्णु नारायण भातखंडे गावोगाव हिंडून घराण्यांच्या बंदिशी गोळा करत होते आणि स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापत होते. कुणी म्हणालं विद्येचं सोनं केलं, कुणी म्हणालं वाटोळं. तो वाद अजून मिटलेला नाही आणि मला तो मिटवायचाही नाही.

मला एवढंच दिसतं, की खाँसाहेबांच्या कुलपात लबाडी नव्हती. त्यांनी गाणं तबकडीवर विकलंच नाही. ज्याला ऐकायचं त्याने समोर येऊन बसावं, आणि मैफलीतून उठताना जेवढं कानात राहील तेवढं घरी न्यावं. कानातलं परत मागायला ते कुणाच्या दारात गेले नाहीत. विकायचंही आणि हातचं सोडायचंही नाही, पैसेही घ्यायचे आणि किल्लीही ठेवायची, ही आयडिया नव्या जमान्याची.

केसरबाईंच्या बाबतीत तर नियतीने मोठी गंमत केली. एडिसनने फोनोग्राफ बनवला तो १८७७ साली, न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कला. तो भाग आज एडिसन नावाच्याच गावात मोडतो, जिथे आता वडापाव आणि उसाचा रससुद्धा मिळतो. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, नासाने व्हॉयेजर यानं सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे आणि तिच्यात पृथ्वीवरच्या संगीताचे सत्तावीस तुकडे आहेत. भारतातला तुकडा एकच: केसरबाईंची भैरवी. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. आपला आवाज कुठपर्यंत चाललाय हे त्यांना कितपत ठाऊक होतं, देव जाणे. २०१२ साली ते यान ताऱ्यांमधल्या मोकळ्या अवकाशात शिरलं.

त्या तबकडीची एक गोष्ट मला फार आवडते. तिच्या वेष्टनावर ती कशी वाजवायची याची आकृती कोरलेली आहे, आणि सोबत सुईही ठेवली आहे. कोण, कुठला, किती हातांचा प्राणी कधी काळी ती उघडेल याचा पत्ता नाही. तरी त्याला अडचण पडू नये म्हणून आपण सुई पाठवली. त्याच्याकडे परवाना आहे का, हे त्याचं सहावं यंत्र तर नव्हे, त्याने याआधी सात वेळा ऐकलंय का, हे काही विचारलं नाही. मैफलीत यंत्र दिसलं तर बिथरणाऱ्या बाईंची भैरवी कुलपाविना अंतराळात चाललीय, आणि पुण्यात आप्पांना पैसे भरून पूरिया ऐकता येईना. किंवा मारवा.

शेवटी कुलपं काढायची बुद्धी झाली ती हिशेबामुळे. ६ फेब्रुवारी २००७ रोजी ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने एक जाहीर टिपण लिहिलं. त्याचा हिशेब सरळ होता. आयपॉडवरच्या गाण्यांपैकी सरासरी तीन टक्केच गाणी ॲपलच्या दुकानातली, म्हणजे कुलूपवाली; बाकी सत्त्याण्णव टक्के बिनकुलपाची. २००६ साली जगात कुलूपवाली गाणी विकली गेली दोन अब्जांहून कमी, आणि त्याच कंपन्यांनी सीडींवर वीस अब्जांहून जास्त गाणी विकली, एकालाही कुलूप नाही. मग पुढच्या दाराला एवढे अडसर कशासाठी, मागची भिंतच बांधलेली नसताना? अर्थात ही कुलपं त्याच्याच दुकानात विकली जात होती आणि युरोपातली सरकारं त्यावरून त्याच्या मागे लागली होती, हेही खरं. पण मुद्दा बिनतोड होता. एप्रिलमध्ये ईएमआय कंपनी तयार झाली. बिनकुलपाचं गाणं, आवाज अधिक चांगला, किंमत एक डॉलर एकोणतीस सेंट. आधी घेतलेल्या गाण्याचं कुलूप काढून हवं असेल तर गाण्यामागे तीस सेंट. कुलूप लावायला आपण सांगितलं नव्हतं, काढायची मजुरी मात्र आपल्या नावावर. २००९च्या सुरुवातीला चारही मोठ्या कंपन्या राजी झाल्या आणि विकत मिळणाऱ्या गाण्यांची कुलपं एकदाची गळून पडली. त्यानंतर गाण्यांचा धंदा बुडाला असं काही झालं नाही.

ॲपलचं गाण्यांचं दुकान भारतात आलं २०१२च्या डिसेंबरात, म्हणजे कुलपांचा सगळा तमाशा आटोपल्यावर. पण आपण त्यातून अगदीच सुटलो असं नाही. त्याच २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात नवं कलम आलं, ६५अ. हक्कभंग करण्याच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गाण्यांच्या दुकानांनी कुलपं भंगारात घातल्यावर तीन वर्षांनी आपण त्यांच्या रक्षणाला कायदा उभा केला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. कायदा करणाऱ्यांच्या बाजूने एवढं सांगायला हवं, की कायद्याने जे करायला मनाई नाही त्यासाठी कुलूप उघडलं तर हे कलम आड येत नाही, आणि खासगी वापरासाठीच्या वाजवी व्यवहाराला कलम ५२ने मोकळीक दिलीय. आप्पांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी समाधानाने मान हलवली आणि कलमाचा क्रमांक डायरीत लिहून घेतला, ट्रॅक १२च्या खाली.

आणि कुलपांत आपण मागास होतो असं तरी कुणी म्हणावं? मोबाईलची कॉलर ट्यून आठवा. दर महिन्याला पैसे आपले कापले जायचे, गाणं आपण निवडायचं, आणि ऐकायचं फोन करणाऱ्याने. घेणाऱ्यालाच ऐकू येत नाही असं गाणं आपल्याकडे लाखो लोकांनी आनंदाने विकत घेतलं. याहून कडेकोट बंदोबस्त कॅलिफोर्नियातही कुणाला सुचला नसेल.

आता गाणं विकत घेणं हीच गोष्ट मागे पडलीय. महिन्याची वर्गणी भरली की जगातलं सगळं संगीत फोनमध्ये. कुलूप तिथे आहेच, फक्त ते आता दिसत नाही. स्पॉटिफायवर उतरवून ठेवलेली गाणी टिकवायची तर तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेटला तोंड दाखवावं लागतं. कंपन्यांचं आपसात फाटलं की गाणी रातोरात गायब होतात. २०२३च्या मार्चमध्ये झी म्युझिकची गाणी तिथून अशीच उतरली, आणि लोकांच्या आवडत्या याद्यांमध्ये करड्या ओळी उरल्या. पण याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. भाड्याचं घर भाड्याचंच असतं, हे तिथे राहायला जाणाऱ्याला माहीत असतं. खरेदीखत करून देऊन वर भाडेकरूसारखं वागवणं, राग त्याचा होता.

म्हणून वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. ऐकायला वर्गणी भरत असाल तर खुशाल भरा. पण ज्या गाण्यावाचून आपलं चालणार नाही असं वाटतं, ते विकत घ्या, आणि बिनकुलपाचं मिळतंय तिथूनच घ्या. आता तशी दुकानं आहेत. बँडकँपसारख्या ठिकाणी तर पैशातला मोठा वाटा थेट गाणाऱ्याच्या हातात पडतो. घेतलेलं गाणं एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवा. फाईलला रागाचं, गायकाचं, साथीदाराचं नाव नीट लिहा. हे सगळं आजच करा. दुकान बंद होण्याची तारीख दुकानदाराला आधी कळते, गिऱ्हाइकाला ईमेल आल्यावर.